केसरोपण नेमकं कधी करावं? वय २६, लग्न डिसेंबरात

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वय २६, राहणार नाशिक, नोकरी अंबड एमआयडीसीत. तेविसाव्या वर्षी केस गळायला लागले. आधी दोन्ही कानशिलांवरून कपाळ वर सरकलं, आता भोवऱ्यापाशी दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा विरळ झालीय. वडिलांचं चाळिशीत सगळं टक्कल पडलं होतं, मोठ्या मामांचंही तसंच. लग्न ठरलंय. तुळशीचं लग्न आटोपलं की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे, म्हणजे बरोबर सहा महिने हातात आहेत.

गेल्या शनिवारी एका क्लिनिकमध्ये जाऊन आलो. तिथल्या समुपदेशक मॅडमनी २८०० ग्राफ्ट, म्हणजे मागून काढून पुढे लावायचे मुळांसकट केसांचे बारीक पुंजके, लागतील म्हणून सांगितलं. ग्राफ्टमागे ३५ रुपये, एकूण ९८ हजार, वर जीएसटी. डॉक्टर पाचेक मिनिटं भेटले, केस कुठून सुरू होतील ती रेघ पेनाने कपाळावर मारून दाखवली. आरशात ती रेघ पाहिली आणि कॉलेजातला मी समोर उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर १५ हजार सूट आहे.

आजवर कांद्याचा रस, माक्याचं तेल आणि बायोटिनच्या गोळ्या एवढंच केलंय. डॉक्टरी औषध घेतलेलं नाही. घरी अजून बोललो नाही. ज्यांनी केलंय, किंवा विचार करून केलं नाही, त्यांनी सांगा. आत्ता करू का?

---

सह्यवाटा

गोदाकाठ, मी २००८ साली नेमका तुझ्या जागी होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तेव्हा मी २३ वर्षांचा. पुण्यात पहिली नोकरी लागली होती, घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती. दोन ठिकाणांहून निरोप आला की मुलगा चांगला आहे, पण केस... तिसऱ्या ठिकाणी जायच्या आधीच मी कर्ज काढून केसरोपण केलं. तेव्हा डोक्याच्या मागच्या भागातली कातडीची पट्टी कापून काढायचे, तिच्यातली मुळं सुटी करून पुढे लावायचे. २००० ग्राफ्ट पुढे लागले. रेघ मी सांगितली तशी, खाली आणि सरळ, कॉलेजात होती तशी. उरलेल्या केसांची गळती थांबवायला औषध घेत राहा म्हणून कुणी बजावून सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी कितपत ऐकलं असतं, माहीत नाही.

पहिली चार वर्षं सोन्यासारखी गेली. लग्न झालं. पुढे लावलेल्या पट्टीच्या मागचे माझे स्वतःचे केस मात्र गळतच राहिले. लावलेले केस टिकले, आणि तीच अडचण झाली. ३१ व्या वर्षी माझ्या कपाळावर केसांची एक दाट पट्टी होती आणि तिच्या मागे मोकळं रान. निसर्गतः टक्कल पडलेला माणूस असा दिसत नाही. पाऊस आला की छत्री असूनही मी आडोशाला थांबायचो, कारण केस ओले झाले की मधली फट उघडी पडायची. गाडीची काच खाली करायचो नाही.

२०१६ मध्ये दुसऱ्यांदा केलं. या वेळी एकेक मूळ टोचून काढण्याच्या पद्धतीने १८०० ग्राफ्ट काढले, ते फट बुजवण्यातच संपले. आता भोवरा उघडा आहे आणि मागे काढण्याजोगं फारसं शिल्लक नाही. डोक्याच्या मागे कानापासून कानापर्यंत व्रण आहे, त्यामुळे केस बारीक कापण्याचीही सोय राहिली नाही. नवीन न्हावी असला की पहिला प्रश्न येतो, "मागे काय लागलंय?"

केसरोपण वाईट, असं मी म्हणत नाही. माझे २००० ग्राफ्ट पैकीच्या पैकी उगवले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण ती चुकीच्या वर्षी झाली.

---

गोदाकाठ

दादा, वाचून पोटात गोळा आला. इतकं मोकळेपणी लिहिलंत, आभार.

पण एक विचारू का? तेव्हा औषध घेतलं असतं तर हे टळलं असतं का? आणि आता तर तंत्र पुष्कळ सुधारलंय म्हणतात.

---

निशिगंध

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, १७ वर्षं हेच काम करते, स्वतः केसरोपणही करते. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण या धाग्यावर बोललं पाहिजे असं वाटलं.

तंत्र सुधारलं, हे खरं. सह्यवाटांच्या वेळचा लांब व्रण आता बहुतेक ठिकाणी टाळता येतो. तरी एक गोष्ट कुठल्याही तंत्राने बदललेली नाही. केसरोपणात नवीन केस तयार होत नाहीत, जागा बदलतात. डोक्याच्या मागच्या आणि कानांच्या वरच्या भागातले केस टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला दाद देत नाहीत, आणि तिथून उचलून पुढे लावले तरी तो गुण सोबत घेऊन जातात. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिलं आणि ही सगळी शस्त्रक्रिया आजही त्याच एका शोधावर उभी आहे. म्हणून लावलेले केस राहतात. त्यांच्या शेजारचे, मूळचे केस मात्र आपल्या मार्गाने जात राहतात.

आता हिशेब बघा. मागच्या बाजूने आयुष्यभरात साधारण ५ ते ६ हजार ग्राफ्ट काढता येतात, कुणाचे कमी, कुणाचे थोडे जास्त. त्याहून ओरबाडले तर मागची बाजू कसर लागलेल्या लोकरीसारखी दिसते. पूर्ण टक्कल पडलं तर उघडी जागा २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. नैसर्गिक दाटी एका चौरस सेंटिमीटरला ८० पुंजक्यांच्या आसपास असते. तेवढी आपण लावत नाही, ३५-४० लावतो आणि डोळ्याला ते पुरतं. तरीसुद्धा २०० गुणिले ४० म्हणजे ८ हजार. जमा ६ हजार, खर्च ८ हजार. कितीही निष्णात सर्जन असला तरी ही वजाबाकी त्याला चुकत नाही.

गोदाकाठ, तुमच्या २६ व्या वर्षी २८०० ग्राफ्ट पुढे घातले तर जवळजवळ निम्मी पुंजी संपली. वडील आणि मामा दोघांचं टक्कल तुम्हीच लिहिलंय. भोवराही सुरू झालाय. उरलेली निम्मी पुंजी पुढच्या ४० वर्षांना पुरवायची आहे. चांगला सर्जन तरुण मुलाच्या बाबतीत हातचं राखून काम करतो. रेघ वर ठेवतो, कानशिलं थोडी मोकळी सोडतो, भोवऱ्याला शक्यतो शेवटी हात लावतो. कारण भोवरा भरून घेतला आणि त्याच्याभोवतीचे केस पुढे गेले, तर मधे बेट आणि भोवती रिकामं कडं असं दिसतं.

वयाचा आकडा मी सांगत नाही. पंचविशीच्या आत मी सहसा करत नाही, पण २८ व्या वर्षी केलेले आणि ३८ व्या वर्षी परत पाठवलेले, असे दोन्ही रुग्ण माझ्याकडे आहेत. मी बघते ते हे की गळती थांबलीय का. निदान वर्षभर औषध चालू आहे, सहा-सहा महिन्यांनी काढलेल्या फोटोंमध्ये फरक नाही, केस मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली मागच्या भागातले केस एकसारखे जाड आहेत, हे दिसलं की मी पुढचं बोलते. काही जणांचे मागचे केसही बारीक होत असतात. त्यांची पुंजीच खोटी असते. डोक्याला दुर्बीण न लावता ग्राफ्टचा आकडा सांगितला गेला असेल, तर तो आकडा तुमच्या डोक्याचा नाही.

---

गोदाकाठ

दुर्बीण लावली नव्हती. मोबाइलवर चार फोटो काढले होते.

---

ऱ्हाइनकाठ

मूळचा सांगलीचा, बारा वर्षं जर्मनीत. ३६ व्या वर्षी, २०२२ मध्ये इस्तंबूलला जाऊन ३२०० ग्राफ्ट केले. निकालावर समाधानी आहे, म्हणून दुसरी बाजूही असू दे.

मी लगेच गेलो नव्हतो. आधी इथल्या त्वचातज्ज्ञाने दोन वर्षं फिनास्टेराइडची गोळी आणि मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध, या दोन्हींवर ठेवलं. पहिल्या दीड महिन्यात मिनॉक्सिडिलने उलट केस जास्त गळले, मी घाबरून सोडणार होतो. डॉक्टर म्हणाले, जुने केस नव्यांना जागा देतायत, थांब. आठव्या महिन्यात भोवरा भरून आला. म्हणजे जिथे १००० ग्राफ्ट घालायला मी निघालो होतो तिथे एकही लागला नाही. सगळे पुढच्या भागाला वापरता आले. दोन वर्षं थांबून मला सगळ्यात मोठा फायदा झाला तो हा.

इस्तंबूलबद्दल मात्र सावध करतो. हॉटेल, विमानतळावरून गाडी, दुभाषी, सगळं पॅकेजमध्ये होतं आणि व्यवस्थित होतं. पण डॉक्टरांनी रेघ आखली आणि ते गेले. टोचून मुळं काढणं, छिद्रं पाडणं, लावणं, सगळं तंत्रज्ञांनी केलं. त्या दिवशी एकाच मजल्यावर पाच-सहा जण आडवे होते. माझं नशीब चांगलं. माझ्यासोबतच्या एकाची मागची बाजू दुसऱ्या दिवशी पाहिली तर कानामागपर्यंत टोचलेलं होतं. परत आल्यावर काही बिघडलं तर दाखवायचं कुणाला? इथला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला तयार नसतो.

बाकी अनुभव असा. कपाळावरची सूज तिसऱ्या दिवशी डोळ्यांवर उतरली, सकाळी उठलो तर डोळे उघडेनात. पाचव्या दिवशी गेली. पहिला आठवडा अर्धवट बसून झोपायचं. खपल्या दहा दिवसांत पडल्या. आणि तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळले, जवळजवळ सगळे. हे होणार हे माहीत होतं, तरी आंघोळ करताना हातात आलेले ते केस पाहून खाली बसलो होतो. मुळं आत शाबूत असतात, केस परत येतात. चौथ्या महिन्यात पहिली लव दिसली.

---

निशिगंध

ऱ्हाइनकाठ यांनी लिहिलेल्या क्रमात गोदाकाठ यांच्या तारखेचं उत्तर आहे, म्हणून पुन्हा मांडते.

जूनमध्ये केलंत तर जुलैत लावलेले केस गळतील. त्यांच्यासोबत आजूबाजूचे तुमचे स्वतःचे काही अशक्त केसही धक्क्याने गळू शकतात. ऑक्टोबरात बारीक, वेडीवाकडी लव येईल. डिसेंबरात साधारण अर्धी वाढ झालेली असेल. पूर्ण रूप बारा महिन्यांनी दिसतं, भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. लग्नाच्या फोटोंसाठी म्हणून जे करताय, ते फोटोंच्या दिवशी अर्धवटच असणार. क्लिनिकने तुम्हाला ही तारीख विचारली होती का?

हेल्मेटचंही बघा. पहिले दोन-तीन आठवडे मी घालू देत नाही आणि विनाहेल्मेट दुचाकी चालवायची नसते. कंपनीत जाणार कसे, याची व्यवस्था आधी लागते.

---

गोदाकाठ

तारीख विचारली होती. क्लिनिकच्या मॅडम म्हणाल्या, "लग्नापर्यंत एकदम मस्त होईल."

डॉक्टर, गोळीची भीती वाटते. मित्र म्हणतो मूल होत नाही.

---

निशिगंध

भीती वाटणं रास्त आहे, म्हणून आहे ते सगळं सांगते.

फिनास्टेराइड आधी प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमच्या मात्रेत आलं. केसांसाठी १ मिलिग्रॅमला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. ते रक्तातलं डीएचटी साधारण दोन तृतीयांशाने उतरवतं. थोड्या पुरुषांना लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं असा त्रास होतो. बहुतेकांचा गोळी सोडल्यावर जातो, काहींनी तो नंतरही राहिल्याचं नोंदवलंय. मनावर परिणाम होऊ शकतो. आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये मान्य केलं. ज्याला आधी नैराश्य होऊन गेलंय त्याला मी ही गोळी सहसा देत नाही आणि ज्याला देते त्याच्या घरच्या एकाला माहिती असू दे असं सांगते. गोळी चालू असताना आणि सोडल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही. फुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळायची नाही. काहींमध्ये शुक्राणू कमी झालेले दिसतात, गोळी थांबवल्यावर सुधारतात. मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांशी बोलून थांबवता येते. मूल होतच नाही, हे खरं नाही.

आता केसरोपणाशी याचा संबंध. ज्याला गोळी घ्यायचीच नाही किंवा सोसत नाही त्याचं केसरोपण होऊ शकतं, पण त्याचं टक्कल पुढे वाढणार हे गृहीत धरून आखावं लागतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी वर्षभर घेऊन बघणं महत्त्वाचं. सोसतेय की नाही हे टेबलावर चढायच्या आधी कळतं. नंतर कळलं तर सह्यवाटांसारखी परिस्थिती.

---

मोकळं_आभाळ

मी त्या थोड्यांतला एक. चार महिन्यांत त्रास सुरू झाला, आधी बायकोच्या लक्षात आलं. सोडली, दोन महिन्यांत बरं वाटलं. मग केसरोपणाचा विचार तीन वर्षं डोक्यात ठेवून दोन सर्जनना भेटलो. दुसऱ्याने समोर बसवून कागदावर डोकं काढलं, आज किती, पन्नाशीत किती, पुंजी किती, आणि म्हणाला, "मी तुमचं करणार नाही." तपासणी फी ८०० रुपये घेतली. इतके सार्थकी लागलेले पैसे माझ्या आठवणीत नाहीत.

३३ व्या वर्षी मशीन फिरवून घेतलं. पहिल्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी पाहिलं, चौथ्या दिवशी कुणी नाही. आई मात्र रडली. आमच्याकडे मुंडण कशासाठी करतात हे तुम्हाला सांगायला नको, तिच्या डोळ्यांसमोर तेच आलं. तिला समजवायला वेळ लागला. आता ती स्वतः सांगते, मागे वाढलेत, काढून घे.

---

कोरांटी

इथे सगळे पुरुष बोलतायत, पण हा धागा बायकाही वाचत असतील म्हणून लिहिते.

मुलीच्या जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझे केस मुठीने जायला लागले. भांग रुंदावला, इतका की मी मधला भांग पाडणंच सोडलं. एका ठिकाणी गेले तर थेट १५०० ग्राफ्टचा कागद हातात दिला. ठाण्यातल्या एका त्वचातज्ज्ञ बाईंनी आधी रक्त तपासलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ९ निघालं, थायरॉइडही बिघडलेलं. बाळंतपण, मोठा ताप, डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात आणि बहुतेकदा आपसूक परततात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. लोह भरून निघालं, थायरॉइड ताळ्यावर आलं, दहा महिन्यांत भांग जवळजवळ पूर्वीसारखा झाला. तो कागद सही करून दिला असता तर परत येणाऱ्या केसांच्या गर्दीत मी भोकं पाडून घेतली असती.

माझ्या चुलतबहिणीने मात्र केलं आणि छान झालं. तिचे केस लहानपणापासून भरतनाट्यमसाठी घट्ट ओढून बांधलेले, कानशिलांवरचे कायमचे गेले होते. ओढणं थांबवून दोन वर्षं झाली, नवीन गळती नाही, मग केलं.

---

निशिगंध

कोरांटी, अगदी नेमकं लिहिलंत. बायकांमध्ये टाळूवर सगळीकडे विरळ होतं आणि मागचा भागही त्यातून सुटत नाही, म्हणून त्यांच्यात योग्य उमेदवार कमी असतात.

चाई पडली असेल तर केसरोपण नकोच. तो शरीराच्या प्रतिकारशक्तीचा आजार आहे, लावलेल्या केसांवरही चाई यायची. लायकेन प्लॅनोपायलारिससारख्या व्रण करणाऱ्या आजारात रोग पूर्ण निवल्यावर, काही वर्षं वाट बघून, मगच विचार. याउलट भाजल्याचा किंवा अपघाताचा जुना व्रण असेल तर वाट बघण्यासारखं फार काही नसतं. तिथे टक्कल पुढे सरकणार नसतं.

---

पाणंद

मी ५२ वर्षांचा. तासगावकडे द्राक्षबाग आहे. तुम्हा पोरांचं वाचलं आणि धीर करून लिहितोय. मुलीचं लग्न झालं, मुलगा हाताशी आला. आता स्वतःसाठी करावंसं वाटतंय. चाळीस वर्षांचा असल्यापासून टोपी घालतोय. घरात म्हणालो तर सगळे गप्प झाले, या वयात काय हौस म्हणून. साखर आहे, गोळीवर आहे. हृदयाची एक रक्त पातळ करायची गोळी पण आहे. उशीर झाला का?

---

निशिगंध

काका, उशीर अजिबात झाला नाही. ५२ व्या वर्षी टक्कल कुठवर जाणार ते बरंचसं जाऊन झालेलं असतं. आकृती समोर दिसते, पुंजी मोजता येते, चूक होण्याची शक्यता कमी. माझ्या सगळ्यात समाधानी रुग्णांमध्ये पन्नाशीचे बरेच आहेत.

मात्र तुमचं आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे विचारायचं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ती थांबवता येते की नाही हे फक्त तेच सांगतील, आणि नाही म्हणाले तर नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात हवी. पुढे फवारणी आणि उन्हाचं काम महिनाभर बंद ठेवायला लागेल, म्हणून छाटणीचा हंगाम सोडून तारीख घ्या.

---

पाणंद

एप्रिल आणि ऑक्टोबर दोन्ही छाटण्या सोडाव्या लागतील. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतो. बरं वाटलं मॅडम.

---

सह्यवाटा

काका, टोपी किती वर्षं घातली ते वाचून गलबललो. जरूर करा.

गोदाकाठ, एक राहिलं होतं. कधी करायचं याचा निर्णय होईल तेव्हा कुणाकडून, हेही तितकंच तपास. मुंबईत मार्च २०१९ मध्ये ४३ वर्षांचा एक व्यावसायिक केसरोपणानंतर दोनेक दिवसांत वारला. एकाच बैठकीत ९ हजारांवर ग्राफ्ट केल्याच्या बातम्या होत्या. मी दुसऱ्यांदा केलं तेव्हा माझे डॉक्टर म्हणाले होते की भुलीच्या औषधाला वजनानुसार मर्यादा असते, म्हणून मोठं काम दोन दिवसांत विभागायचं. तेव्हा मला तो खर्च वाढवण्याचा प्रकार वाटला होता.

---

निशिगंध

बरोबर सांगितलं तुमच्या डॉक्टरांनी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सूचना काढून स्पष्ट केलंय की केसरोपण प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचं, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ किंवा शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेले. सहायकांनी त्यांच्या देखरेखीखाली मदत करायची. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकलेलं प्रशिक्षण धरलं जाणार नाही, असंही त्यात लिहिलंय. तेव्हा सरळ विचारायचं: छिद्रं कोण पाडणार? मुळं कोण काढणार? त्या दिवशी आणखी किती रुग्ण आहेत? अचानक प्रकृती बिघडली तर सांभाळायला खोलीत काय साधनं आहेत? या प्रश्नांनी ज्याला राग येईल, तिथून उठायचं.

आणि महिनाअखेरची सूट. पुढच्या महिन्यातही सूट असते.

---

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. बरंच घडलं.

पैसे भरले नाहीत. नाशिकमधल्याच एका त्वचातज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीतून डोक्याची सगळीकडून पाहणी केली, पडद्यावर मलाही दाखवली. मागचे केस चांगले जाड आहेत. पण जो मधला भाग मला दाट वाटत होता, तिथे एक केस जाड, शेजारचा निम्म्या जाडीचा, असं सगळीकडे निघालं. तेच पुढे जाणारे केस. त्यांच्यामधे ग्राफ्ट खोचले असते तर काय झालं असतं ते सह्यवाटा दादांनी लिहिलंच आहे. रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व कमी निघालं, बाकी ठीक.

गोळी आणि मिनॉक्सिडिल सुरू केलंय. त्याआधी होणाऱ्या बायकोशी बोललो. निशिगंध डॉक्टर म्हणाल्या होत्या घरच्या एकाला माहिती असू दे, तर मला तीच योग्य वाटली. सोमेश्वरला धबधब्यापाशी बसून सगळं सांगितलं. गळती, क्लिनिक, गोळीचे दुष्परिणाम, मूल, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा तू टोपी काढली नव्हतीस. मला वाटलं तुला मी आवडले नाही म्हणून घाईत आहेस." मला हे माहीतच नव्हतं. मूल आम्हाला लगेच नकोय, तेव्हा बघू म्हणाली. आणि लग्नात फेटा आहे, फोटोंचं काय घेऊन बसलास, असंही.

तरीसुद्धा केस मला हवेत. हे लिहायला संकोच वाटतो पण ते खरं आहे. तिने मला असं स्वीकारलं म्हणून माझी इच्छा गेली नाही. डॉक्टरांनी पुढच्या जूनपर्यंत थांबायला सांगितलंय. तेव्हा पुन्हा दुर्बीण, फोटो शेजारी ठेवून बघायचे, मग ठरवायचं. ९८ हजार बँकेत वर्षभरासाठी ठेवीत टाकले. फोटो कसे काढायचे ते कुणी सांगेल का? पहिल्या दिवसाचे काढलेत, पण ट्यूबलाइटखाली केस वेगळे दिसतात आणि उन्हात वेगळे.

---

ऱ्हाइनकाठ

एकच खिडकी ठरव, वेळ सकाळी दहाची, ट्यूब बंद. केस कोरडे, आदल्या दिवशी धुतलेले, तेल नाही. दर वेळी केस तेवढेच कापलेले असू देत. पाच फोटो: समोरून, दोन्ही कानशिलं, मान खाली घालून टाळू, आणि मागून भोवरा. मागचा स्वतः काढू नकोस, अंतर चुकतं. दर महिन्याला काढू नकोस, तीन महिन्यांनी काढ. मी रोज काढायचो, त्याने काही कळत नाही आणि झोप जाते.

---

कोरांटी

आणि भांग दर वेळी त्याच जागी पाड. कंगवा ओला नको.

---

गोदाकाठ

देवघराशेजारची पूर्वेची खिडकी ठरवली. पुढचे फोटो सप्टेंबरात, मागचा धाकटा भाऊ काढेल. त्यालाही दाखवून आणणार आहे, तो २१ चा आहे आणि त्याचीही कानशिलं सरकायला लागलीत.